जुन्या मोटारीचा रंग आणि सांध्यांतील सीलंट काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अजूनही अनेक घरांच्या मागच्या शेडमध्ये एखादी फियाट, अ‍ॅम्बॅसिडर किंवा जुनी जीप ताडपत्रीखाली उभी असते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की पहिले बोलावणे डेंटर-पेंटरला जाते. इंजिनाचे सुटे भाग शोधले तर मिळतात, रबर नवे बसवता येते, गाद्या नव्याने शिवता येतात. पण त्या काळी कारखान्यात दाबून घडवलेला मूळ पत्रा एकदा बिघडला की तसा दुसरा मिळवणे फार कठीण असते. त्यामुळे रंग आणि सीलंट (सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून भरलेला लेप) काढण्याची कोणतीही पद्धत निवडताना ती किती झटपट आहे यापेक्षा तिने पत्र्याचे काय होईल, हा विचार आधी करावा. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर दिल्या आहेत.

हे काम केव्हा सुरू करायचे, हे आपल्या भागात पाऊस ठरवतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. बेळगाव शहरात पाऊस त्या मानाने कमी असला तरी श्रावणातील सततची झिमझिम उघड्या लोखंडाला तितकीच वाईट असते. अथणी, रायबागकडील हवा बरीच कोरडी असल्यामुळे तिकडे थोडी सवलत मिळते. सर्वसाधारणपणे दिवाळीनंतर सुरुवात करावी आणि वळीव सुरू होण्यापूर्वी संपूर्ण गाडी प्रायमरखाली आणावी. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड असतो आणि डोळ्यांना न दिसणारे दव त्यावर धरलेले असते. म्हणून ऊन चांगले वर आल्यावर, पत्रा हाताला कोरडा आणि किंचित कोमट लागू लागला की मगच तो उघडा करण्यास घ्यावा. ऋतू कोणताही असो, एका दिवसात जेवढा पत्रा उघडा करून त्याच दिवशी प्रायमरखाली घेता येईल तेवढाच उघडा करावा. आज एक दार, उद्या बॉनेट, परवा मडगार्ड, अशा चालीने काम उशिरा संपते हे खरे, पण पूर्ण गाडी सोलून ठेवून पेंटरची वाट पाहत बसण्यापेक्षा ही चाल कितीतरी शहाणपणाची आहे.

आधी थर वाचावेत

काचा, बीडिंग, दिवे, बंपर, रबर, दारांच्या आतील पॅनेल आणि गाद्या काढून घ्याव्यात. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी तर काढावीच; ज्या गाडीत पेट्रोलची टाकी किंवा नळी शिल्लक आहे तिच्याजवळ हीट गन किंवा ग्राइंडर चालवू नये. चेसिस क्रमांक ठोकलेली जागा आणि कारखान्याची पट्टी यांच्यावर जाड टेप लावून ठेवावी आणि त्यांच्या आसपास यंत्र नेऊच नये, कारण तो क्रमांक पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवताना फार त्रास होतो.

यानंतर गाडीवर एकूण किती थर आहेत हे शोधावे. डिकीच्या झाकणाची आतील बाजू, मागच्या दिव्याखालची जागा किंवा दाराच्या रबराखालची पट्टी यांपैकी एक ठिकाण निवडावे, कारण वरून दुसरा रंग मारताना पेंटरचा हात तिथे सहसा पोहोचलेला नसतो. मात्र पुन्हा मारलेले थर मोजण्यासाठी असेच दुसरे ठिकाण मडगार्डवरही घ्यावे. रुपयाएवढ्या जागेवर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने मधोमध धातू दिसेपर्यंत घासावे आणि मग ४०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून तोच खळगा कडेकडेने गोल फिरवत रुंद करावा. थोड्या वेळात झाडाच्या बुंध्यावरील वर्तुळांसारखी रंगांची वर्तुळे उमटतात: सर्वांत बाहेर अलीकडचा चकचकीत रंग, त्याच्या आत राखाडी प्रायमर, मग पुट्टीचा पिवळट किंवा करडा पट्टा, त्याच्या आत आधीचा एखादा रंग आणि अगदी मध्याजवळ कारखान्याच्या प्रायमरची बारीक रेघ. ही जागा सूर्यप्रकाशात फोटो काढून नोंदवून ठेवावी. मूळ रंगाची छटा जुळवायची असेल तर याहून खात्रीचा पुरावा हाती लागत नाही. शिवाय आरसी बुकावर जो रंग लिहिलेला आहे त्यापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले आहेत. त्या वाटेने जायचे असेल तर मूळ रंगाचा हा पुरावा जपलेला बरा.

थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके रंगावर मिनिटभर दाबून धरले तर रंगाची जातही कळते. नायट्रोसेल्युलोजचा जुना रंग विरघळून फडक्याला लागतो, इनॅमल मऊ पडून सुरकुततो आणि हार्डनर (कडक करणारा घटक) घातलेल्या, दोन घटकांच्या टू-के रंगावर सहसा काहीच परिणाम होत नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेले छोटे चुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते सैल पडते तिथे खाली जाड पुट्टी, शिसे किंवा गंजून गेलेली पोकळी आहे असे समजावे आणि त्या जागा खडूने आखून ठेवाव्यात.

शिसे आणि धूळ

जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. भडक पिवळा, केशरी आणि लाल रंग, तसेच शेंदरी रंगाचा प्रायमर दिसला की शिसे आहे असेच धरून चालावे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत, म्हणजे आपण ज्या गाड्यांबद्दल बोलत आहोत त्या कितीतरी आधी रंगवल्या गेल्या होत्या. शिशाची धूळ श्वासातून आणि न धुतलेल्या हातांमधून शरीरात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम होतो. त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. सूक्ष्म धूळ अडवणारा पी१०० फिल्टर बसणारा रबरी मास्क घ्यावा, कामाचे कपडे घरातील कपड्यांत धुऊ नयेत, शेडमध्ये चहासुद्धा घेऊ नये आणि मुलांना तिथे येऊ देऊ नये. धातूपर्यंत पोहोचेपर्यंत शक्य तेवढे घासकाम पाण्यात करावे आणि खालची धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

त्या काळातील अनेक गाड्यांच्या छताचे खांब आणि मागचे मडगार्ड जिथे जोडले आहेत तिथे पुट्टीऐवजी शिसे-कथिलाचा मिश्रधातू भरलेला आढळतो. तो मळकट राखाडी आणि मऊ असतो, चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठतो. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो, म्हणून त्या जागी हीट गन अजिबात धरू नये. भरलेला सांधा ओघळून येईल. त्यावर सँडरही (घासण्याचे यंत्र) चालवू नये, कानस चालवावी, कारण कानशीने निघालेला कीस जड असतो आणि हवेत तरंगत न राहता खाली पडतो. शिसे घट्ट बसलेले असेल आणि कडेला गंज नसेल तर ते काढण्याचे काहीही कारण नाही.

पेंट रिमूव्हरने रंग उतरवणे

बॉनेट, छत, दारे आणि डिकी यांसारख्या मोठ्या, सपाट आणि पातळ भागांसाठी रसायन हीच सर्वांत सौम्य पद्धत आहे, कारण तिने पत्रा तापत नाही आणि ताणलाही जात नाही. मात्र माणसासाठी ती सौम्य नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक तेज पेंट रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात त्याची वाफ झपाट्याने होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते आणि शरीरात गेल्यावर तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. बंद खोलीत हे वापरल्यामुळे माणसे दगावली आहेत. म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात किंवा त्याच्या शेजारी, बंद शटरमागे किंवा खोलगट जागेत हे काम करू नये. मोकळ्या अंगणात, सावलीत आणि वारा पाठीशी घेऊन करावे. हृदयविकार असलेल्या व्यक्तीने याच्या वाटेला जाऊ नये. नेहमीच्या पातळ रबरी किंवा नायट्राइल हातमोज्यांतून हे रसायन काही मिनिटांत आत जाते, म्हणून डब्यावर ज्या प्रकारचे हातमोजे सांगितले आहेत तेच वापरावेत आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा लावावा. मेथिलीन क्लोराइड नसलेला रिमूव्हर मिळत असेल तर तो घ्यावा. तो हळू काम करतो, पण आपल्याला घाई नाही.

प्रथम ४० किंवा ६० नंबरच्या पेपरने रंगावर उभे-आडवे ओरखडे काढावेत, म्हणजे रसायन आत शिरते. सांधे, दुमडलेल्या कडा आणि भोके यांच्या भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून जाड टेप लावावी. ही जागा सोडणे फार महत्त्वाचे आहे, कारण दाराच्या खालच्या दुमडीत एकदा शिरलेले रसायन पाण्याने निघत नाही आणि नवा रंग दिल्यावर काही महिन्यांनी तिथून बाहेर येऊन रंगाला फोड आणते. मग ब्रशने एकाच दिशेने जाड थर द्यावा, पुन्हा पुन्हा ब्रश फिरवून तो पातळ करू नये आणि वर पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवावा. दहा-वीस मिनिटांत प्लॅस्टिकखाली रंगाला सुरकुत्या पडून तो पापुद्र्यासारखा सुटू लागलेला दिसतो. तो प्लॅस्टिकच्या किंवा कोपरे गोल केलेल्या पुट्टी पत्तीने, पत्ती आडवी धरून उचलावा. टोकदार पटाशीने उकरू नये. खाली पुट्टी लागली की रसायन थांबवावे, कारण पुट्टी ते शोषून घेते. राहिलेली पुट्टी ८० नंबरच्या पेपरने यंत्रावर काढावी. शेवटी डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने पत्रा धुऊन लगेच कोरडा करावा आणि सोडलेल्या कडा हाताने घासून पूर्ण कराव्यात.

कॉस्टिक सोडा स्वस्त मिळतो आणि इनॅमल त्याने निघतोही. पण तो सांध्यांत राहिला तर रंग धरू देत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्याने खाल्ला जाऊन ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. गाडीच्या बॉडीसाठी तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निघालेला चिखल, फडकी आणि कागद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जमा करावेत. बेळगावात आणि आसपासच्या गावांत जुन्या घरांच्या परसात अजून विहिरी आहेत. अंगणात सांडलेले रसायन आणि शिशाचा कीस मातीतून त्याच पाण्याकडे जातो. त्यामुळे जाड प्लॅस्टिक अंथरल्याशिवाय काम सुरूच करू नये, हा कचरा गटारात किंवा शेताच्या बांधावर टाकू नये आणि घरच्या कचऱ्यात न मिसळता घातक कचरा म्हणून नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या यंत्रणेकडे द्यावा. थिनरची फडकी चुरगाळून ढीग करून ठेवल्यास पेट घेण्याचा धोका असतो. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत आणि मग डब्यात टाकावीत.

यंत्र, वाळू आणि शॉट ब्लास्टिंग

रसायन जिथे वापरायचे नाही तिथे डीए (गोल फिरता फिरता डोलणाऱ्या) सँडरवर ८० नंबरचा पेपर किंवा जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क चालवावी. ग्राइंडरवर २४ किंवा ३६ नंबरची डिस्क लावून रंग उडवण्याची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. या गाड्यांचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो आणि एका जागी तापला की तो फुगतो. हाताचा तळवा टेकवता येणार नाही इतका पत्रा तापला की यंत्र दुसऱ्या जागी न्यावे.

आपल्याकडे एक वेगळाच मोह समोर असतो. बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत आणि उद्यमबागेत ओळखीचे कुणी निघाले की ‘दारे आणि बॉनेट घेऊन या, शॉट ब्लास्टिंगमध्ये दहा मिनिटांत पांढरे करून देतो’ असे आपुलकीने सांगितले जाते. ते यंत्र ओतीव भागांसाठी केलेले आहे. त्यातील पोलादी गोळ्यांचा मारा पातळ पत्र्यावर झाला की पत्र्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, बॉनेट मधून फुगते आणि ते पुन्हा सरळ करणे चांगल्या डेंटरलाही जमत नाही. पुढचा अ‍ॅक्सल, ब्रेकचे ड्रम, जाड ब्रॅकेट आणि जीपच्या चेसिसचे उघडे भाग यांसाठी मात्र ही सोय उत्तम आहे. तिचा फायदा तिथे जरूर घ्यावा. पोकळ भाग देताना प्रत्येक भोक बुजवून द्यावे, कारण आत अडकलेल्या गोळ्या बाहेर येत नाहीत आणि ओलावा धरून आतून गंज चढवतात.

साध्या वाळूने ब्लास्टिंग करू नये, ती फाउंड्रीतील असो वा नदीची. त्या वाळूतील सिलिकाच्या सूक्ष्म धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्याने निकामी झालेली फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. गंजाने खड्डे पडलेल्या कोपऱ्यांसाठी ब्लास्टिंग आवश्यकच असेल तर गार्नेट या कठीण खनिजाचे कण किंवा काचेचे मणी कमी दाबावर, नळी तिरकी आणि दूर धरून, लहान टप्प्यांत वापरावेत.

सांध्यांतील सीलंट आणि खालचा डांबरी लेप

रंगापेक्षा सीलंटच्या कामाला जास्त वेळ द्यावा. फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडर यांना स्वतंत्र चेसिस नाही; फ्लोअर, सिल (दारांखालचा पोकळ भाग) आणि चाकांच्या कमानी यांचे स्पॉट वेल्ड केलेले सांधेच गाडीचा भार पेलतात आणि त्या सांध्यांत पाणी जाऊ न देणे हे सीलंटचे काम असते. छताच्या पन्हाळीतील, डिकीच्या तळातील आणि पुढच्या फायरवॉलवरील (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधील पत्रा) सीलंट बोथट स्क्रू ड्रायव्हरने एका टोकाला हळूच उचलून पाहावे. ते पत्र्याला चिकटून ताणले गेले आणि खालचा रंग स्वच्छ दिसला तर त्याला हात लावू नये. ते खपलीसारखे उचलले गेले आणि खाली तपकिरी भुकटी किंवा ओलसर रेघ दिसली तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही, कारण अशा फटीत पाणी आपोआप ओढले जाऊन सांध्याच्या लांबीभर पसरलेले असते. तो सांधा टोकापासून टोकापर्यंत साफ करावा.

वाळून दगड झालेले जुने तेलकट किंवा डांबरी सीलंट पटाशीच्या हलक्या ठोक्याने तुकड्यांनी निघते. रबरासारखे चिवट सीलंट हीट गनने थोडे कोमट करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पत्तीने ओढून काढावे. काचेच्या रबराखाली भरलेले, कधीच न वाळणारे चिकट सीलंट बोटाने गोळा करून उरलेला थर टर्पेंटाइनने पुसावा. या मऊ प्रकारांवर तारेचे चाक चालवू नये. ते तापून वितळते, सगळीकडे फासले जाते आणि तारांत भरून बसते. सर्वांत त्रासदायक म्हणजे मागाहून कुणीतरी गळती थांबवण्यासाठी भरलेले सिलिकॉन. त्याचा तेलकट अंश पत्र्यावर राहिला तर त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. ते आधी पत्तीने पूर्ण खरवडावे, मग सिलिकॉन काढणाऱ्या द्रवाने दर वेळी नवे फडके घेऊन पुसावे आणि त्यानंतरच पेपर लावावा. आधी घासले तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसते.

फ्लोअरच्या आतील डांबरी पट्ट्या आणि गाडीखालचा लेप काढताना हीट गन मध्यम ठेवावी, डांबर मऊ होऊन पत्तीपुढे सरकेल इतकीच, धूर निघेल इतकी नव्हे. सुक्या बर्फाचे तुकडे मिळवता आले तर काम आणखी सोपे होते: उणे ७८ अंशांच्या थंडीने डांबर ठिसूळ होते आणि हातोडीच्या हलक्या टोल्याने तुटून येते, मात्र त्यासाठी जाड हातमोजे घालावेत आणि दारे सताड उघडी ठेवावीत, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड गाडीत साचतो. अशा जुन्या लेपांत कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे असताना ग्राइंडरने घासू नयेत.

सिल आणि दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके या टप्प्यावर शोधून मोकळी करावीत. जुनी डागडुजी करताना ती बहुधा लेपाखाली बुजवलेली असतात, आणि आपल्या भागातील पावसात दाराचा तळ गंजण्याचे मुख्य कारण तेच असते.

उघड्या पत्र्यावर प्रायमर

पत्रा उघडा झाल्यावर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ग्रीस काढणाऱ्या द्रवाने एका फडक्याने पुसून, तो वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे, सांध्यांतील धूळ कोरड्या हवेने उडवावी आणि दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा. गॅरेजमध्ये सवयीने मारला जाणारा साधा रेड ऑक्साइड ओलावा आत जाऊ देतो. तो लावून गाडी पावसाळाभर ठेवली तर खालून गंज धरतो. गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले असेल तर ते धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय इपॉक्सी देऊ नये, आणि आम्लयुक्त एच (etch, पत्र्याला किंचित खाऊन धरणाऱ्या) प्रायमरवर इपॉक्सी चालतो की नाही हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. नवे सीलंट उघड्या पत्र्यावर न भरता इपॉक्सीच्या थरावर भरावे. पॉलियुरेथेनचे, वरून रंग घेणारे सीलंट घ्यावे, ते ब्रशने सांध्यात नीट दाबावे आणि निथळण्याची भोके मोकळी आहेत ना, हे पुन्हा पाहावे.

इपॉक्सीवर पुढचा थर किती तासांच्या किंवा दिवसांच्या आत द्यायचा, हे डब्यावर लिहिलेले असते. ती मुदत उलटली तर ३२० नंबरच्या पेपरने पृष्ठभाग खरबरीत करूनच पुढे जावे. प्रत्येक भागाच्या आतील बाजूस टेप चिकटवून त्यावर प्रायमर दिल्याची तारीख लिहावी आणि हा प्रायमर उन्हाने खराब होत असल्यामुळे सुटे भाग छपराखाली, भिंतीला न टेकवता उभे ठेवावेत.